अक्काच्या रानातलं पाचट

अक्का, तुला जाऊन पुरता आठवडा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. कोणी म्हणेल, या धाकट्या भावाला काही काळवेळ आहे की नाही? पण तू असतीस तर म्हणाली असतीस, "भांड बाबा, न्हाईतर तुजं पोट दुखंल." सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात सकाळपासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. बायकोनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो तसाच निवला. टेबलावर साताऱ्याच्या एका कारखान्याचं काम अर्धवट पडलंय. कॉम्प्रेसरची हवा कुठे गळते, बॉयलर विनाकारण किती कोळसा खातो, हे शोधून मालकाला सांगायचं, एवढाच माझा धंदा. आज तेही सुचत नाही.

काल दुपारी साखर कारखान्याचे चेअरमन तुझ्या घरी भेटायला आले होते. ज्यांच्या शेजारी बसून तू संचालक मंडळाच्या सभा गाजवल्यास तेच. त्यांनी सन्मतीच्या पाठीवरून हात फिरवला, तुझ्या फोटोला हार घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाळासाहेब, एक इच्छा हाय. मशीननं पाचटाच्या गाठी बांधून कोळशाऐवजी बॉयलरला घालायची योजना परवाच्या सर्वसाधारण सभेत मांडतोय. अक्कांच्या नावानं. आन् पयली गाठ त्यांच्याच रानात बांधायची. घरच्यांनी फकस्त व्हय म्हणायचं."

सन्मती माझ्याकडे बघायला लागला. मुलगा तुझा, पण असल्या वेळी पोर मामाच्याच तोंडाकडे बघणार.

मी काय उत्तर दिलं ते सांगतोच. पण आधी हे कबूल कर की माझी काय अवस्था झाली असेल. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं तोंडाची वाफ दवडली, ती आयती ताटात वाढून समोर आली होती. आणि ती वाढली होती तुझ्या नावानं. तुझ्या, म्हणजे जिनं माझ्या त्या योजनेला शेवटच्या फोनपर्यंत नकार दिला तिच्या.

याचं मूळ आप्पांपर्यंत जातं, हे तूच मला दाखवलंस. आपले वडील सूर्य मावळायच्या आत जेवायचे. आपल्या जैन समाजात तशी रीतच आहे, दिव्यावर किडे येतात, अन्नात पडतात, नकळत जीव जातो. आई पाणी गाळून घ्यायची. घरात बटाटा येत नसे. हे सगळं व्हायचं, आप्पा उन्हं असतानाच जेवून हात धुवायचे, आणि मग खिशात काड्यापेटी घालून रानात जायचे. ऊस तुटून गेलेला असायचा. मागे सरींमध्ये गुडघाभर वाळला पाला पडलेला असायचा, ज्याला आपण पाचट म्हणतो. त्याला चारी बाजूंनी काडी लावायचे. तू आणि मी बांधावर उभे राहून ती आग बघायचो आणि आपल्याला ती दिवाळी वाटायची.

ही चूक फक्त आपणच करू शकतो, अक्का. एका किड्यासाठी संध्याकाळचं जेवण सोडायचं आणि त्याच संध्याकाळी अख्खं रान पेटवायचं. पिढ्यान् पिढ्या कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं. दाजी गेले आणि रान तुझ्या अंगावर पडलं, त्या पहिल्याच हंगामात. आग विझल्यावर तू सरीतून चालत होतीस आणि तुला धामण दिसली, अर्धी जळलेली, तरी हलणारी. तू मला फोन केलास. मी कुठल्याशा फाउंड्रीत होतो, भट्टीच्या आवाजात मला धड ऐकू येत नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, "बाळू, आमी काय करतोय रं हे?" आणि फोन ठेवलास.

त्यानंतर तुझ्या रानात काडी लागली नाही. पलूसच्या बाजूला तेव्हा पाचट न जाळणारी माणसं शोधून सापडत नव्हती. तू पाचट सरीत दाबलंस, वर शेण-पाणी सोडलंस, पहिल्या वर्षी तुटल्या बुडख्यांतून येणारा खोडवा उशिरा फुटला आणि शेजारच्या बांधावरून लोकांनी तुला वेड्यात काढलं. मी मात्र खूश झालो. मला वाटलं, घरातच एक माणूस मिळालं. मी तुला आनंदानं सांगायला गेलो की जाळण्यातून मिथेन निघतो, नायट्रस ऑक्साइड निघतो, काजळी निघते, आणि जळालेल्या खताची भरपाई म्हणून जो युरिया पडतो त्याचा हिशेब वेगळाच. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुज्या त्या वायूला डोळं हायती का?"

"म्हणजे?"

"धामणीला व्हते. तिनं माज्याकडं बघितलं."

इथेच आपलं बिनसलं. तू जिवासाठी थांबवलंस, मी हवेसाठी थांबवा म्हणत होतो. काम एकच होतं, तरी मला राहवेना. मला वाटायचं, कारण बरोबर नसेल तर काम पुढे जात नाही. तुझ्या मुंग्यांसाठी सरकार एक नियम करणार नाही, कारखाना एक यंत्र घेणार नाही. तुला वाटायचं, ज्याला मुंगी दिसत नाही त्याला हवा काय दिसणार.

मग तू महिलांच्या राखीव जागेवर संचालक झालीस. गावात सगळ्यांना वाटलं, अक्का सह्या करेल आणि हळदीकुंकवाला मिरवेल. अरे देवा! पहिल्याच सभेत चर्चा लांबली, खिडकीतलं ऊन उतरायला लागलं, तशी तू पिशवीतून डबा काढलास आणि चेअरमनसमोर दशमी खायला सुरुवात केलीस. कोणी तरी चेष्टा केली तर म्हणालीस, "तुमी लवकर उरका, मी बी डबा आणणार न्हाई." तेव्हापासून सभा उन्हं असतानाच संपायला लागल्या, हे मला चेअरमननीच सांगितलं. माझ्या कितीही अहवालांनी त्या इमारतीतले दिवे इतक्या लवकर मालवले नसते.

त्याच मंडळात तू उसाच्या आगीचा विषय काढलास. तोडायला सोपं जावं म्हणून उभा ऊस पेटवतात तो, आणि तोडल्यावर पाचट पेटवतात ते, दोन्ही बंद करा म्हणालीस. कारण विचारलं तर सरळ सांगितलंस, जीव मरतात. चेअरमन हसून म्हणाले, "अक्का, मुंग्यांचं मतदान कुठल्या गटात धरायचं?" सगळे हसले. तू घरी आलीस ती रागानं लाल होऊन आणि मला म्हणालीस, मला तुझे ते आकडे दे. मी दिले. रात्रीचा प्रवास करून आलो होतो, तरी बसून सोपे करून दिले. दुसऱ्या दिवशी तू ते तसेच परत केलेस. "मला हे बोलवत न्हाई बाळू. ह्यातलं माजं काय बी न्हाई."

तेव्हा मी किती चिडलो होतो! अजून चिडतो. अगं, तुला आग थांबवायची होती की स्वतःचं खरं करायचं होतं?

कारखान्यानं मला आपला कार्बनचा हिशेब मांडायला बोलावलं, तेव्हाही आपली जुंपली. मी चिमणी मोजली, डिझेल मोजलं, वीज मोजली. तू माझं काम बघून म्हणालीस, गेटाच्या आतलं मोजलंस, पण ऊस गेटाच्या आत उगवतो काय? रानातला धूर कुणाचा? मी तुला नियम सांगितला. कारखान्याच्या मालकीचं काय, दुसऱ्याच्या मालकीचं काय, कुठल्या रकान्यात काय जातं. आणि शिवाय हेही सांगितलं, आणि ते आजही खरं आहे, की पाचटातला बहुतेक कार्बन त्याच उसानं त्याच वर्षी हवेतून ओढलेला असतो. जळला काय, कुजला काय, बराचसा परत हवेतच जातो. कोळशाचं तसं नाही. कोळसा जमिनीखाली निजलेला असतो, त्याला आपण उठवतो. गाळप संपलं की बॉयलरला घालायचा उसाचा चोथा संपतो, आणि डिस्टिलरीला वाफ लागते म्हणून कारखान्यात कोळशाच्या गाड्या लागतात. खरी मेख तिथे आहे. त्या बॉयलरमध्ये पाचटाच्या गाठी घाला, कोळसा बंद. रानातली आगही बंद. एका दगडात दोन पक्षी.

"पक्षी बी मारायलाच पायजेत का तुला?" तू म्हणालीस.

आणि मग तो तुझा नकार. शेतात जाळलं काय आणि बॉयलरमध्ये जाळलं काय, आग ती आगच. यंत्र पाला ओढून घेणार, त्यातल्या गोमी, किडे, मुंग्या, सापसुरळ्या सगळं गाठीत आवळणार, आणि ते जिवंत भट्टीत जाणार. "रानात निदान पळायला तरी जागा असती," म्हणालीस. मी म्हटलं, अक्का, कोळशाच्या खाणीत काय जीव मरत नाहीत? नद्या आटतात, उन्हाळा वाढतो, तेव्हा कोण मरतं? तू म्हणालीस, "मग कोळसा बंद करा की. त्यासाठी माज्या मुंग्या कशाला?" मी डोक्याला हात लावला. तूही लावलास. सन्मती मध्ये बसून शेंगा खात होता, तो म्हणाला, तुम्ही दोघं टीव्हीवर जावा.

साताऱ्याच्या एका डेअरीवाल्याची गोष्ट मात्र तुला फार आवडली होती. मी त्याला वाफेची गळकी नळी दाखवली, फुसफुस फुसफुस करणारी, तर तो म्हणाला, राहू द्या साहेब, तेवढा आवाज असला की कारखाना चालू आहे असं वाटतं. तू इतकी हसलीस की डोळे पुसायला लागलीस. मग एकदम थांबून म्हणालीस, "बाळू, आपलं सरकार बी असंच हाय. फुसफुस आली की चालू हाय म्हणायचं." तुझ्या गावच्या फाट्यावर 'पाचट जाळू नका' असा मोठा फलक लागला होता, त्याच दिवसांतली गोष्ट. फलकाच्या मागचंच रान जळत होतं. फलक होता, पण पाला कुट्टी करायचं यंत्र मागायला गेलं की साहेब रजेवर. माणसाला दुसरा रस्ता दिल्याशिवाय काडी त्याच्या हातातून सुटत नाही, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. एवढ्या एकाच गोष्टीवर.

शेवटचा फोन. तुझा ऊस नुकताच तुटून गेला होता. तू म्हणालीस, "आरं, मी एक इचार केलाय. गाठी बांधायच्याच असतील तर आदी पाचट उलटंपालटं करून, हालवून उन्हात टाकायचं. थोडं दिस तसंच ऱ्हाऊ द्यायचं. उन्हाला जीव निगून जात्यात. मग गोळा करा, बॉयलरात घाला न्हाईतर डोक्यावर घ्या. मी आडवी येणार न्हाई." म्हणजे तू माझ्याकडे अर्धी वाट चालत आली होतीस. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, यंत्रवाल्याला टनावर पैसे मिळतात, तो थांबत नसतो.

"मग त्याला थांबायला शिकीव," म्हणालीस. मी हो हो म्हणालो, पुढच्या रविवारी येतो, बोलू. तो रविवार आला तेव्हा तुझ्या अंगणात माणसं जमली होती.

स्मशानातलं तुला सांगायलाच हवं. गावानं लाकडं आणली होती. एकदा मी तुला म्हटलं होतं की सांगलीत गॅसदाहिनी आहे, लाकूड वाचतं, तर तू फटकन म्हणाली होतीस, "मला गॅसवर ठेवू नगा, मी काय भाकरी हाय?" म्हणून कोणी गॅसचं नाव काढलं नाही, मीसुद्धा नाही. लाकडं रचायला घेतली तेवढ्यात सन्मती पुढे झाला. त्यानं पहिला ओंडका उचलला आणि जमिनीवर आपटला. परत आपटला. आपली आई चुलीत लाकूड घालायच्या आधी असंच करायची, आठवतं? सालीखाली जीव असतो म्हणून. ओंडक्यातून मुंग्या सांडल्या आणि सैरावैरा धावायला लागल्या. सन्मती त्या जाईपर्यंत थांबला, मग दुसरा ओंडका घेतला. ऊन वाढत होतं. बाहेरगावचे पाहुणे घड्याळाकडे बघत होते. कोणी तरी पुटपुटलं, "आवं, उरका की." पण आपली माणसं एकेक करून पुढे आली आणि प्रत्येकानं एकेक लाकूड उचलून झटकायला घेतलं. मीही घेतलं. माझ्या लाकडातून काहीच निघालं नाही, तरी मी ते झटकत राहिलो, कारण थांबलो असतो तर मला रडू आलं असतं. तरी ते आलंच.

आता कालचं सांगतो. चेअरमन उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, "योजना आणा. मी सभासद आहे, मी हात वर करीन. पण तिचं नाव लावू नका. आणि तिच्या रानात यंत्र घालू नका."

"का वं?"

"तिचा याला विरोध होता. ती असती तर तुमच्या यंत्रापुढे आडवी झोपली असती."

ते चकित झाले. त्यांना वाटत होतं, अक्काला आग बंद व्हायला हवी होती, म्हणजे अक्काची हीच इच्छा. मी त्यांना सगळं सांगितलं. गाठींचं, भट्टीचं, आणि शेवटच्या फोनमधलंही. त्यांनी एकदा तुझ्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, "बाळासाहेब, खरं सांगू? योजना मशीनच्या जिवावर मंजूर होणार न्हाई. कोळशाचा ठेका घेणारी माणसं आपल्यातच हायती, ती आडवी येत्यात. अक्कांचं नाव असतं तर कुणाची न्हाई म्हणायची छाती झाली नसती. आता बगा, पडली तर मला बोल लावू नका."

सन्मतीनं त्यांना गेटपर्यंत सोडलं. परत आला आणि मला विचारलं, "मामा, आईचं नाव दिलं असतं तर कोळसा बंद झाला असता?" मी म्हणालो, बहुतेक. तो म्हणाला, "मग?" तो रागावला नव्हता, नुसतं विचारत होता. मी चप्पल घातली आणि रानाकडे गेलो.

तुझं पाचट अजून तसंच पडलंय, सोनेरी, पायाखाली करकरणारं. शेजारच्यानं त्याचं पेटवलं होतं, तिथे काळी राख होती आणि बगळे भाजलेले किडे वेचत होते. सन्मती मागून आला, आम्ही दोघांनी बांधाकडेचा पाला ओढून आत घेतला, म्हणजे ठिणगी उडून आली तरी तुझं रान पेटायला नको. तुझं पाचट तिथेच कुजेल, तसं त्यानं मला सांगितलं आणि मी मान डोलावली.

पण अक्का, मी शहाणपणा केला की माती खाल्ली? रात्रभर हाच प्रश्न. मी आयुष्यभर ओरडत आलो की कारण कुठलंही असो, कोळसा जळायचा थांबला पाहिजे. कोणाच्या दिखाव्यानं थांबो, कोणाच्या फायद्यानं थांबो. तेच हातात आलं होतं आणि मी एका मेलेल्या बाईच्या मतासाठी ते सोडलं. मेलेल्या बाईच्या म्हटल्याचा राग येऊ दे तुला, यायलाच हवा. तुझा मला राग येतो. तू जिवंतपणी माझं ऐकलं नाहीस, आणि आता मला तुझं ऐकायला लावलंस. त्याच वेळी मला वाटतं, तुझं नाव त्या यंत्रावर चिकटवून मी जिंकलो असतो, तर त्या जिंकण्याला काय चव राहिली असती? समोरचं माणूसच उठून गेल्यावर डाव मारायचा, असलं जिंकणं मला जमलं नाही. तुझ्यावर माझा जीव होता गं. तो मी कधी बोललो नाही, कारण आपण भेटलो की कोळशावर यायचो.

सकाळी मी चेअरमनना फोन लावला. म्हणालो, मला सभेत बोलायचंय. ठरावाला एक अट जोडायची आहे, पाचट आधी हलवून, उन्हात टाकून, जीव निघून गेल्यावरच गाठी बांधायच्या. आणि यंत्रवाल्याला थांबण्याचेही पैसे द्यायचे, नुसते टनाचे नाही. अर्धं पाचट जमिनीला ठेवायचं, अर्धं बॉयलरला. ते म्हणाले, "आवं, मुंग्यांसाठी मशीन थांबवायची? सभा हसंल की तुमाला." मी म्हणालो, परवा मी तिरडीवरचं माणूस मुंग्यांसाठी थांबलेलं बघितलंय. ते म्हणाले, बोला.

तुला हे पुरणार नाही, माहीत आहे. तू म्हणशील, खोल गेलेली गांडुळं उन्हानं कुठं निघतात? तू म्हणशील, भट्टी ती भट्टीच. तुझं खरं आहे. माझंही खरं आहे. उद्या सभेत मी उठेन आणि आधी मुंग्यांचं बोलेन, ज्या मुंग्यांचं नाव काढू नकोस म्हणून मी तुला बजावत आलो. हसतील. हसून होईस्तोवर उभा राहीन आणि मग कोळशाचं बोलेन. ठराव मंजूर होईल की पडेल, कळेलच. पण बोलून खाली बसल्यावर माझं कुठे चुकलं हे सांगायला अख्ख्या सांगली जिल्ह्यात मला एकच माणूस होतं, अक्का, आणि त्याच्याच पाठीमागे मला बोलायचंय.